शनिवारी पिल्लं बाहेर येतीलच, असं कुणी सांगितलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतला कोकणातल्या निसर्ग सहलींवरचा लेख वाचला. आमच्याकडे रविवारचा अंक सोमवारी दुपारी पोचतो, त्यामुळे राग यायलाही एक दिवस उशीर होतो. लेख छान आहे. भाषा इतकी गोड की आमच्याच गावाला एकदा जाऊन यावं असं मला वाटलं. पण त्याखालच्या हिरव्या चौकटीत सकाळी कासवाची पिल्लं, दुपारी डॉल्फिन, संध्याकाळी मगरी आणि सगळ्यांचं दर्शन हमखास, असं जे छापलंय ते कुणाला विचारून छापलं हे कळलं तर बरं होईल. वेळासची पुळण, हर्णैचा समुद्र आणि चिपळूणजवळची मालदोलीची खाडी एका दिवसात उरकणाऱ्याने आमचे रस्ते पाहिलेले दिसत नाहीत. आणि मगरींचं म्हणाल तर त्या थंडीच्या दिवसांत, ओहोटीला, चिखलावर ऊन खात पडतात. भरतीला गेलात तर नुसतं पाणी बघून परत या. पण ते राहू द्या, मगरींचे पाहुणे माझ्याकडे उतरत नाहीत.

माझ्याकडे उतरतात ते कासवांचे. मी वेळासला राहते. मोसमात आमच्या पडवीत आणि माजघरात गाद्या पडतात, चुलीवर भात शिजतो, पाहुण्यांना जेवायला वाढतो. गावातल्या बऱ्याच घरांचं असंच आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली इथे कासवांच्या अंड्यांची राखण सुरू केली आणि २००६ पासून कासव महोत्सव होऊ लागला, हे तुमच्या वाचकांना ठाऊक असेलच. त्याआधी हीच अंडी लोक उकरून न्यायचे, खायचे, विकायचे. आमच्या सासूबाई ते सगळं सांगायच्या, अगदी निर्विकारपणे.

आता गोष्ट मागच्या मोसमातली. पुण्याहून एक कुटुंब आलं. आधी फोनवर त्यांनी मला विचारलं होतं, "पिल्लं नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की काही नसतं, आलात तर बघू." त्यांनी त्याचा अर्थ नक्की असाच घेतला असणार. शनिवारी संध्याकाळी सगळे पुळणीवर गेले. हॅचरीच्या, म्हणजे अंडी राखायच्या जागेच्या, जाळीत घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. राखण करणाऱ्या कासवमित्राने एकेक टोपली उचलून दाखवली. पिल्लू एकही नाही. रविवारी सकाळी पुन्हा तेच. एका टोपलीखालची वाळू मात्र मधोमध जराशी खचली होती. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना त्याचा अर्थ कळतो: आत पिल्लं अंड्यांतून निघाली आहेत, वर चढायला लागली आहेत, एखाद दिवसात येतील. मला तर ती खचलेली वाळू बघूनच बरं वाटलं. कुटुंबप्रमुखांनी त्या वाळूकडे असं बघितलं की जणू मीच तिथे खड्डा करून ठेवलाय. मग म्हणाले, "काकू, काल-परवाची दोन-चार पिल्लं टबात ठेवून द्यायची ना. आज सोडली असती, पोरांनी फोटो काढले असते."

मी गप्प बसले. पाहुणे आहेत, उपाशीपोटी वाद घालू नये म्हणून आधी घावणे वाढले. निघताना हिशेब करताना म्हणाले, मुख्य कार्यक्रमच झाला नाही, तेव्हा थोडं कमी करा. उकडीचे मोदक मात्र त्यांनी दोनदा मागून घेतले होते, त्या कार्यक्रमात काही कमी पडलं नव्हतं. मला पैशांचं दुःख नाही. (म्हणजे आहे, पण तेवढंच नाही.) पुढे इंटरनेटवर आमच्या घराला एक तारा देऊन त्यांनी लिहिलं, "जेवण उत्तम, कासवं नव्हती."

त्या टबाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण असं सुचवणारे ते काही एकटे नाहीत. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याच्या पोटात बलकाचा थोडा साठा शिल्लक असतो. त्याच्या जोरावर ते पहिले काही दिवस न थांबता पोहत किनाऱ्यापासून दूर जातं. टबात ठेवलं की ते टबाच्या भिंतीला धडका देत पोहतच राहतं आणि सगळी शिदोरी तिथेच संपवतं. मग तुमच्या पोरांच्या फोटोसाठी सोडलेलं ते दमलेलं पिल्लू समुद्रात गेल्यावर किती टिकणार? पिल्लू हातात उचलून पाण्यात ठेवायचं नाही, वाळूवरून त्याला चालत जाऊ द्यायचं. मोबाइलचा लाइट लावायचा नाही, ते उजेडाकडे वळतं. हे सगळं इथले कासवमित्र रोज घसा कोरडा करून सांगतात. तुमच्या अख्ख्या पानभर लेखात यातली एक ओळ नाही. "सेल्फीसाठी उत्तम वेळ : सूर्योदय" ही मात्र आहे.

पिल्लं कधी येणार हे वाळू ठरवते. अंडी घातल्यापासून साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू गार असली तर जास्त, तापली तर कमी. थंडी लांबली की आमच्या तारखा पुढे जातात. त्याच उबेवर पिल्लू नर होणार की मादी हेही ठरतं, म्हणजे बघा, ज्या वाळूत निसर्ग एवढा मोठा निर्णय घेतो तिला आपण विचारतोय की बाई, शनिवारी सकाळी सातला जमेल का? ओडिशात गहिरमाथ्याला २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आली. पूर्व किनारा सोडून पश्चिमेला! ती कुणाचं बुकिंग बघून आली होती?

डॉल्फिनचंही तेच. माझा भाचा हर्णैला होडीवर आहे. पूर्वी लोक समुद्रात फेरी मारायला यायचे, दिसला मासा तर आनंद. आता होडीत पाय ठेवायच्या आधी विचारतात, "नाही दिसले तर पैसे परत ना?" डिझेल त्याने आधीच भरलेलं असतं. मग कुठे एक पाठ पाण्याबाहेर दिसली की चार बाजूंनी चार होड्या इंजिन फुल्ल करून तिकडे धावतात. आपल्या किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक हंपबॅक डॉल्फिन, खाड्यांच्या तोंडाशी माशांमागे फिरणारे. त्यांना श्वास घ्यायला वर यावंच लागतं, आणि वर आलं की समोर होडी. कधी सोबत पिल्लू असतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हा प्राणी पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. वाघाला असं चारी बाजूंनी जीप लावून घेरलं तर तुम्हीच पहिल्या पानावर छापाल. भाच्याला मी पुष्कळदा सांगितलंय, इंजिन मंद ठेव, बाजूने जा, अंतर ठेव. तो म्हणतो, "मावशी, मी लांब थांबलो तर पुढच्या खेपेला गिऱ्हाईक दुसऱ्या होडीत बसतं." यात चूक एकट्या होडीवाल्याची नाही. जो हमी देतो त्याच्याकडे गर्दी जाते, आणि हमी द्यायला आता पेपरही पुढे आलेत.

नाव घ्यायचंच तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतल्या स्वामिनी बचतगटाच्या बायकांचं घ्या. वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात, इंजिनाचा आवाज नाही, झाडाच्या जाती सांगतात. कांदळ तर कुठे पळून जात नाही, त्यामुळे तिथे तरी तुमची हमी चालली असती. पण त्यांना तुमच्या चौकटीत जागा मिळाली नाही.

लेखाबरोबरच्या फोटोविषयीही सांगते. तो ऑलिव्ह रिडलेचा, म्हणजे आमच्याकडे अंडी घालायला येणाऱ्या कासवाचा, नाही. निळ्याशार पाण्यात समुद्रगवत खाणारं ते हिरवं कासव आहे, आणि आमच्या पुळणीपुढचं पाणी एवढं निळं मी तरी कधी पाहिलेलं नाही. आता पर्यटक येऊन आम्हाला विचारणार, "तो निळा समुद्र कुठल्या बाजूला?"

आणि शेवटचं, पण माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. त्या चौकटीत 'राहण्यासाठी संपर्क' म्हणून जो मोबाइल नंबर छापलाय तो माझा आहे. मला कुणी विचारलेलं नाही. सोमवारपासून फोन खणखणतोय. एका बाईंनी विचारलं, रविवारी सकाळी किती पिल्लं आहेत? मी म्हटलं, अजून मोसमच सुरू झालेला नाही. तर म्हणाल्या, पण पेपरात तर लिहिलंय. कृपया ऑनलाइन आवृत्तीतून तो नंबर आजच्या आज काढून टाका, आणि छापील अंकात दुरुस्ती द्याल तेव्हा ती आतल्या पानावर, निधनवार्तांच्या खाली नको, त्याच हिरव्या चौकटीत द्या.

आपली नियमित वाचक,
वेळास, ता. मंडणगड
(नाव छापू नये, नंबर तर मुळीच नाही.)