धंतोलीतल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना जाहीर आभारपत्र

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. छापून आलेलं नाव तुम्हाला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे होते. स्कोलिओसिसचं, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकण्याच्या दुखण्याचं, ऑपरेशन चांगलं होऊनही ज्यांची पाठ पुढे वर्षानुवर्षं दुखते, अशा बायका आपल्या विदर्भात माझ्यासारख्या आणखीही असतील. त्यातल्या एखादीच्या हाती हे पत्र लागावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझं ऑपरेशन 2001 सालचं, दहावीची परीक्षा आटोपल्यावरचं. कॉब अँगल, म्हणजे एक्सरेवर मोजलेला कण्याचा बाक, 58 अंश. बाक 45-50 अंशांच्या पुढे गेला की उंची वाढायची थांबल्यावरही तो हळूहळू वाढत राहण्याची भीती असते, म्हणून ऑपरेशन करायचं ठरलं. पाठीच्या चौथ्या मणक्यापासून कमरेच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत, असे बारा मणके दोन सळयांना बांधले आणि खुब्याजवळच्या हाडाचे तुकडे मध्ये भरून एकजीव केले. यालाच फ्यूजन म्हणतात. पाठ बरीच सरळ झाली, खांदे समान दिसू लागले. त्या सर्जनांचे उपकार मी आजही मानते. घरच्यांच्या लेखी मात्र विषय तिथेच संपला. लग्न झालं, मुलगी झाली, पतसंस्थेत नोकरी लागली, आणि पस्तिशीच्या आसपास कमरेखाली असं काही दुखायला लागलं की बसवेना, उभं राहवेना. डावा पाय मांडीपासून पोटरीपर्यंत ठणकायचा. ज्या ज्या ठिकाणी दाखवलं तिथे एक्सरे वर धरून सांगायचे, "फ्यूजन पक्कं आहे, सळया जागेवर आहेत, काळजी करू नका." एका ठिकाणी तर झोपेची गोळी लिहून दिली आणि मन रमवायला सांगितलं. घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, आता कोणाला काही सांगायचंच नाही.

तुमच्याकडे आले ती नणंदेच्या आग्रहाखातर. तुम्ही एक्सरे पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "ताई, दिवसभरात कोणतं काम करायची भीती वाटते?" मी म्हटलं, कूलरमध्ये पाणी भरायची. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 ला टेकलेला असताना कूलर दिवसातून कितीदा भरावा लागतो ते तुम्हाला सांगायला नको. बादली उचलायची, कूलरच्या टाकीपर्यंत न्यायची, तिरकं होऊन ओतायची. तुम्ही कोपऱ्यातली रिकामी बादली आणली, माझ्या हातात दिली आणि म्हणालात, "दाखवा कशी भरता." मग तीनदा-चारदा तेच करायला लावलं आणि बाजूला उभ्या राहून बघत राहिलात. माझ्या दुखण्याकडे इतक्या बारकाईनं बघणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

त्यानंतर तुम्ही तोच एक्सरे पुन्हा हातात घेतलात आणि बोट सळयांवर न ठेवता सळया संपतात त्याच्या खाली ठेवलंत. बारा मणके आता हलत नाहीत. म्हणून वाकायचं, वळायचं सगळं काम खालच्या दोन मणक्यांवर आणि मणक्यांमधल्या तीन गाद्यांवर येऊन पडलंय. वीस वर्षं त्यांनी ते ओढलं. त्या गाद्या झिजल्यात, नस दबतेय. फ्यूजन पक्कं असणं खरं आणि दुखणंही खरं, दोन्ही एकाच वेळी खरं असतं, हे तुम्ही मला बोट ठेवून दाखवलंत. मी तिथेच रडले. तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे केला आणि घाई केली नाहीत. बाहेर पेशंट ताटकळत होते तरी.

दुखणं मुळापासून घालवून देईन असं वचन तुम्ही दिलं नाहीत, त्याबद्दल तर विशेष आभार. तोवर मला सगळ्यांनी वचनंच दिली होती. तुम्ही म्हणालात की खालच्या मोकळ्या गाद्या जपायच्या आणि वाकायचं काम कमरेकडून काढून खुब्याकडे द्यायचं. बिजागरी आता खुब्यात, हे तुमचं वाक्य घरी माझी मुलगीसुद्धा म्हणते. गुडघे थोडे मोडायचे, बूड मागे न्यायचं, पाठ आहे तशी ठेवायची. ओट्याशी उभं राहताना एक पाय छोट्या पाटावर, थोड्या वेळानं दुसरा. अंथरुणातून उठताना सरळ उठून बसायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातांवर जोर देऊन उठायचं. आणि कूलरला नळापासून पाइप! माझ्या नवऱ्याला फोन करून पाइपची लांबी मोजून आणायला तुम्ही सांगितलंत. आमच्या घरात इतक्या वर्षांत ते कोणाला सुचलं नव्हतं.

श्वासाचं तर मला माहीतच नव्हतं. बाकामुळे माझ्या डाव्या बाजूच्या बरगड्या आत दबलेल्या आहेत. तुम्ही दोन्ही तळवे तिथे ठेवलेत आणि म्हणालात, "माझे हात ढकला, श्वासानं." पहिल्या दिवशी काहीच हललं नाही. नंतर एका दुपारी तुमचा हात खरंच जरासा बाहेर सरकला आणि तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्यानं हसलात. आता मेट्रोत काँग्रेस नगरपासून बसले की तोच व्यायाम करते. मेट्रो सुरू झाल्यापासून स्पीडब्रेकरवर आदळणाऱ्या ऑटोतून सुटका झाली, हे माझ्या पाठीसाठी केवढं मोठं आहे ते धडधाकट माणसाला कळायचं नाही.

आता आईबद्दल. तुम्हाला ती दुपार आठवत असेल की नाही, मला कल्पना नाही, पण या पत्राचं खरं कारण तीच आहे. आई माझ्यासोबत आली होती, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती. मी व्यायाम करत असताना ती एकदम म्हणाली, "मीच तिले लहानपणी गुंडानं पाणी भराले लावलं जी, त्याच्यानंच झालं हे." माझ्या लहानपणी आमच्याकडे नळ नव्हता, हापशीवरून गुंडानं, म्हणजे घागरीनं, पाणी आणावं लागायचं. आईच्या मनात हे वीस-बावीस वर्षं होतं आणि आम्हाला कोणालाच ते ठाऊक नव्हतं. तुम्ही माझा व्यायाम थांबवलात. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलात. तिला सांगितलंत की वयात येताना होणाऱ्या या स्कोलिओसिसचं नेमकं कारण डॉक्टरांनाही सापडलेलं नाही. तो थोडाफार घराण्यातून येतो, पण पाण्याचं ओझं, शाळेचं दप्तर, वाकडं बसणं, एका कुशीवर झोपणं, यानं तो होत नाही. "मावशी, तुम्ही तिला महालात राणीसारखी बसवून ठेवली असती, तरी हे झालं असतं." आई काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून माझ्या पाठीकडे बघून पदर डोळ्याला लावणं तिनं सोडलं. औषधांच्या कुठल्या दुकानात हे मिळालं असतं?

नमस्काराचा प्रश्नही तुम्हीच सोडवलात. आपल्याकडे लग्नाकार्यात वडीलधाऱ्यांच्या पायावर डोकं टेकवलं नाही की सून उद्धट ठरते. मी पुढे वाकून जमिनीपर्यंत जाऊच शकत नाही. तुम्ही मला एक गुडघा टेकून बसायला आणि तसाच नमस्कार करून, मांडीवर हात देऊन उठायला शिकवलंत. दिरांच्या मुलाच्या लग्नात वऱ्हाडासमोर मी सगळ्यांना तसा नमस्कार केला. एका आजेसासूबाईंनी विचारलं तेव्हा पाठीतल्या सळयांबद्दल सरळ सांगितलं. त्यांनी माझा हात धरून शेजारी बसवून घेतलं.

तुम्ही मला घाबरवलं नाहीत, पण सावध केलंत, हेही लिहून ठेवते, कारण ते इतरांच्या कामाचं आहे. पाठ कडाकड मोडून "मणके बसवणाऱ्या" लोकांकडे फ्यूजन झालेल्या माणसानं जायचं नाही. व्हिडिओ बघून हलासन, पश्चिमोत्तानासन बळजबरीनं करायचं नाही. पाऊल लुळं पडायला लागलं, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हा कागद तुमच्या अक्षरात माझ्या फ्रीजवर चिकटवलेला आहे. आणि माझं दुखणं तुमच्या हाताबाहेरचं वाटलं तेव्हा तुम्ही स्वतः चिठ्ठी लिहून स्पाइन सर्जनकडे पाठवलंत. त्यांनी एमआरआय बघून सांगितलं की फ्यूजन खाली वाढवायची वेळ अजून आलेली नाही, चालू आहे तेच चालू द्या. पेशंट हातचा जाईल म्हणून धरून ठेवणारे मी पाहिलेत, म्हणून त्या चिठ्ठीची किंमत मला जास्त कळते.

कामाच्या ठिकाणी मला काउंटरवरून उठायची परवानगी नव्हती. तुमच्या पत्रानंतर दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं उभं राहायची मुभा मिळाली, पाठीला टेका देणारी खुर्ची मिळाली. त्या पत्रात तुम्ही "बिचारी" असा सूर कुठेही लावला नव्हता. काय लागतं आणि का लागतं, एवढंच लिहिलं होतं.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. मी न विचारता तुम्हीच तिला बोलावून घेतलंत, दोन्ही तळहात जोडून पुढे वाकायला सांगितलंत आणि मागून तिच्या बरगड्यांची उंची पाहिलीत. दोन्ही बाजू समान होत्या. उंची वाढायची थांबेपर्यंत दर सहा महिन्यांनी असंच बघायचं, कारण याच वयात बाक लवकर सापडला तर 25 ते 40 अंशांपर्यंत ब्रेसनं, म्हणजे अंगावर बांधायच्या टणक पट्ट्यानं, तो पुष्कळदा रोखता येतो. माझ्या वेळी पाठीवरचा उंचवटा दिसला तोवर ब्रेसची वेळ निघून गेली होती. मी ही तपासणी आता तिच्या मैत्रिणींच्या आयांनाही शिकवते. दोन मिनिटांचं काम आहे आणि पैसा लागत नाही.

दुखणं आजही आहे. पावसाळ्यात जास्त, बराच वेळ बसले की जास्त. पण सकाळी अंबाझरीला चालायला जाते, रविवारी गोकुळपेठेतून भाजी आणते, दोन्ही हातात सारख्या वजनाच्या पिशव्या, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. हे सगळं मी सोडून दिलं होतं.

तुम्ही फी घेतलीत आणि काम केलंत, त्यात आभार कसले, असं तुम्ही म्हणाल. त्या फीत आईशी बोललेली ती पंधरा मिनिटं नव्हती, पाइपसाठी केलेला फोन नव्हता. त्यांच्यासाठी हे पत्र.

पुढच्या आठवड्यात मुलीची तपासणी आहे, तेव्हा येतेच. आईनं यंदाच्या कुरड्या आणि सरगुंडे तुमच्यासाठी वेगळे काढून ठेवलेत. ते घ्यायला नाही म्हणू नका.

तुमची कृतज्ञ,
सकाळी साडेअकराच्या वेळेची पेशंट
नागपूर