लीड्सहून, खुशाली

९ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. आई, वजन उतरलेलं नाही, फोनच्या कॅमेऱ्यात मी बारीक दिसते एवढंच. जाड कोट घेतलाय, ज्वारीचं पीठ मिळतं. रात्रपाळीत फोन उचलत नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. इथली घड्याळं तासभर मागे गेली, आता साडेपाच तासांचा फरक धरा.

बाबा, तुमच्या वर्गातलं इंग्रजी इथे आपटलं बरं का! पहिल्या आठवड्यात वॉर्डवर जो तो मला विचारायचा, ‘यू ऑलराइट, लव्ह?’ मला वाटलं, माझं तोंड उतरलेलं दिसतंय. एका सिस्टरला मी झोप नाही, पाठ दुखते, डबा खराब झाला, सगळं सविस्तर सांगितलं. ती बिचारी दार धरून अर्धी आत, अर्धी बाहेर उभी! मग कळलं, हा नुसता रामराम. आपणही ‘ऑलराइट?’ म्हणायचं आणि चालू लागायचं. ‘लव्ह’मध्ये प्रेमबिम काही नाही, यॉर्कशरमध्ये बसचा ड्रायव्हरसुद्धा म्हणतो, तेव्हा आईला नीट समजावून सांगा. तुमचं ‘हाउ डू यू डू’ आता क्वचितच ऐकू येतं, आणि त्याचं उत्तर ‘आय ॲम फाइन’ नव्हतंच! तेच वाक्य उलट म्हणायचं. किती पोरांचे मार्क फुकट वाटलेत बघा. संध्याकाळी कामावर पोचल्यावर मी ‘गुड नाइट’ म्हटलं तर सगळे हसले. ते निघताना म्हणायचं. येताना ‘गुड ईव्हनिंग’. ‘चीअर्स’ म्हणजे थँक्यू.

आपली आजी ओट्यावरून विचारायची ना, ‘काय, बाजाराला का?’ हातात पिशवी दिसत असायची तरी. तसंच हे. फक्त आजी चहाला बसवून घ्यायची.

चाळीस हजार पाठवलेत. हप्ता भागवून उरलेले कार्यालयाच्या आगाऊला द्या. चिमीच्या साखरपुड्याला रजा मिळाली नाही, खरंच मागितली होती. लग्नाला येते, पण तारीख धरण्याआधी मला विचारा. थोरलीचं आधी का नाही, असं कुणी म्हटलं तर माझ्यावर ढकला. माझ्या स्थळाचं पुढच्या वर्षी बघू, आत्ता पत्रिका कुणाला देऊ नका.

आणि बाबा, डोळ्याच्या ऑपरेशनचं मला मावशीकडून कळलं. रविवारी विचारलं तेव्हा ‘सगळं ठीक’ म्हणालात. पुढच्या फोनला थेंब कितीदा घालता ते सांगा, मी थांबून ऐकणार आहे.

येते,
तुमची सुमी