हिवाळ्यात न हलणारी बोट आणि तुमचा बिल्ज क्लीनर

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: बिल्ज क्लीनरच्या बाटलीवरील ‘हिवाळाभर दुर्गंधी नाही’ हा दावा

तुमच्या ग्राहक सेवेशी फोनवरचं बोलणं आज संपलं. यापुढे जे काही असेल ते लेखी.

तुमचा बिल्ज क्लीनर म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या खोलगट जागेत, बिल्जमध्ये, ओतायचा साबण. त्याच्या बाटलीवर छापलंय, ‘बोट हिवाळ्यासाठी ठेवताना बिल्जमध्ये ओता, तसंच राहू द्या, वसंतात पंपाने बाहेर काढा.’ मी अक्षरशः तसंच केलं. वसंतात केबिनच्या तळफळ्या उचलल्या, तर सडक्या अंड्यांचा वास नाकात शिरला. तेलाचा काळा चिकट थर जागच्या जागी होता आणि पाणी वाढलं की पंप चालू करणारा फ्लोट स्विच त्यात रुतून बसला होता. गाद्यांचा वास अजून गेलेला नाही.

आता तुमच्या प्रतिनिधीचं ऐका. पहिला प्रश्न, “बोट हलती ठेवली होती का? आमचा द्रव पाणी घुसळलं तरच काम करतो.” मी सांगितलं, बोट पाण्याबाहेर आहे, कील (तळाचा मधला कणा) ठोकळ्यांवर टेकलेली, दोन्ही बाजूंना टेकू. “मग अधूनमधून हलवायची.” कशी हलवायची? “दोघा-तिघांनी मिळून.” टेकूवरची शिडाची बोट हलवली तर टेकू निसटतो, बोट आडवी होते आणि खाली असलेला माणूस चिरडला जातो. हेही मी सांगितलं. त्यावर उत्तर आलं, “सूचना पाळायच्या नसतील तर आमच्या उत्पादनाला दोष देऊ नका.” आणि फोन ठेवला! अशी सूचना बाटलीवर कुठेच नाही. माणसाचा जीव जाईल असा सल्ला तुमच्या नावाने दिला जातोय, हे तुम्हाला माहीत आहे का?

वास कशाने येतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं. खाऱ्या पाण्यात सल्फेट असतं. पाणी साचलं, तळाच्या गाळात हवा पोचेनाशी झाली, की जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात. म्हणजे बिल्ज रिकामा करायचा, फ्रेममधली पाणी वाहायची भोकं मोकळी करायची, गोड्या पाण्याने धुऊन कोरडा करायचा आणि हवा खेळती ठेवायची. तुमची बाटली मात्र द्रव तसाच राहू द्या म्हणते. त्यात माझी डोलकाठी डेकमधून थेट कीलपर्यंत जाते, तिच्यावरून पावसाचं पाणी हिवाळाभर आत झिरपतं. त्याने पातळ झालेला द्रव काय करणार होता?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. तुमचा साबण तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळतो. मग ते तेल शोषक पॅडही उचलू शकत नाहीत. आणि असं पाणी पंपाने बाहेर काढा असं तुम्ही छापता, पण कुठे सोडायचं, जमा कुठे करायचं, यावर अवाक्षर नाही. मोठ्या जहाजांनाही समुद्रात सोडायच्या पाण्यात 15 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 15 भाग) जास्त तेल चालत नाही.

मला पूर्ण परतावा हवा. बाटलीवरून ‘हिवाळाभर’ हा शब्द काढा. तेलकट पाणी जमा करून ते स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्यायची सूचना ठळक छापा. आणि उभी बोट हलवा असं यापुढे कुणालाही सांगितलं जाणार नाही, हे लेखी द्या. पुन्हा सांगतो, टेकूवरची बोट हलवायची नसते.

वर्षानुवर्षं तुमचीच उत्पादनं घेत आलो, इतरांनाही घ्यायला सांगितली. आता मरिनातल्या प्रत्येकाला हे पत्र वाचायला देणार आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर बाटली आणि पावती घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन. फोन करू नका.

एक ग्राहक