ऐन आंब्याच्या सीझनला न सांगता केलेलं अपग्रेड आणि बंद पडलेलं मशीन – तक्रार

प्रति,
सर्व्हिस विभाग प्रमुख

विषय: बिलिंग मशीन बंद पडणे, चुकीचं कारण दाखवून तिकीट बंद करणे आणि विझिट चार्ज लावणे

महोदय,

तुमच्या हेल्पडेस्कवाल्यांनी "लेखी द्या" सांगितलं म्हणून लिहितोय. लांबलंय, पण पूर्ण वाचा, कारण तिकीट बंद करताना तुम्ही जे कारण टाकलंय, "हार्ड डिस्क खराब, ग्राहकाची जबाबदारी", ते साफ चुकीचं आहे. त्याच डिस्कवर आमचं मशीन आज सकाळपासून व्यवस्थित चालू आहे आणि याच डिस्कवरून काढलेल्या पावत्या घेऊन बागायतदार घरी गेलेत.

आमची देवगड तालुक्यात आंब्याची पॅकिंग शेड आहे. तुमच्याकडून घेतलेल्या मशीनला वजनकाटा आणि लेबल प्रिंटर जोडलेला आहे, माल काट्यावर चढला की वजन स्क्रीनवर येतं, पावती निघते, पेटीवर चिकटवायचं लेबल निघतं. संध्याकाळी गाडी भरून निघाली की नांदगावला हायवे पकडून रात्रभरात वाशी गाठते, आणि ती उशिरा पोचली की भाव कसा मिळतो ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तुमची निम्मी गिऱ्हाईकं आमच्याच धंद्यातली आहेत. अक्षय्य तृतीयेच्या आधीचे दिवस म्हणजे तर इथे कोणाला जेवायला फुरसत नसते. आणि नेमक्या त्याच आठवड्यात भर दुपारी तुमचा टेक्निशियन रिमोटवर आला, "छोटंसं अपडेट आहे सर, दहा मिनिटं" म्हणाला, आणि मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) ११ व्या आवृत्तीवरून १२ व्या आवृत्तीवर न्यायला घेतली. ना आधी मेल, ना फोन, ना बॅकअप घेतलाय का ही साधी विचारपूस!

आता ह्या अपग्रेडमध्ये काय होतं ते लिहितो, कारण फोनवर तुमच्या तीन वेगवेगळ्या माणसांना ते माहीतच नव्हतं. लिनक्समध्ये कमांड्स दोन ठिकाणी असायच्या, काही /बिन नावाच्या फोल्डरमध्ये आणि काही /यूएसआर/बिन मध्ये, तसंच लायब्रऱ्यांचं (प्रोग्रामना लागणाऱ्या सामायिक फाइली), /लिब आणि /यूएसआर/लिब. ही वाटणी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची आहे, बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-११ कॉम्प्युटरवर युनिक्स (लिनक्सचा पूर्वज) लिहीत होते तेव्हा डिस्क एवढ्याशा असायच्या की सगळं एकीवर मावेना, मग जास्तीचं दुसऱ्या डिस्कवर सरकवलं, जिथे लोकांच्या स्वतःच्या फाइली होत्या. दुसरी डिस्क जोडायची कमांड मात्र पहिलीवर हवीच, नाहीतर सुरुवात कशी होणार, म्हणून बूटपुरत्या (मशीन सुरू होण्यापुरत्या) गोष्टी पहिलीवर ठेवल्या. पुढे डिस्क मोठ्या झाल्या, बूटच्या वेळचं काम इनिटरॅमएफएस (सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती सिस्टीम) करायला लागलं, तरी वाटणी तशीच चालू राहिली कारण कोणी हात लावला नाही. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने २०१२ साली सतराव्या आवृत्तीत ती मोडली, डेबियनने २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून नवीन इन्स्टॉलेशन एकत्रच करायला घेतली आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत जुन्या मशीनवरही ते सक्तीचं केलं. म्हणजे हा बदल काय अचानक आकाशातून पडलेला नाही, अकरा वर्षं आधीपासून सगळ्यांना दिसत होता.

माझं या एकत्रीकरणाबद्दल काहीच म्हणणं नाही, उलट चांगलं आहे, सगळी सिस्टीम एका /यूएसआर खाली आली की तेवढ्याचाच स्नॅपशॉट (त्या क्षणाची नक्कल) घेता येतो, तेवढंच रीड-ओन्ली (बदलता येणार नाही असं) ठेवता येतं, आणि अमुक स्क्रिप्टमध्ये तमुक कमांडचा पत्ता इकडचा लिहायचा का तिकडचा ही कटकट संपते. दोन भावांच्या वेगळ्या झालेल्या चुली परत एक कराव्यात तसं आहे हे. सामान सगळं एका स्वयंपाकघरात नेलं, पण जुन्या पडवीतलं दार तसंच ठेवलं, म्हणजे सवयीने तिकडून येणारा माणूसही त्याच स्वयंपाकघरात पोचतो. हे दार म्हणजे सिमलिंक. /बिन आता खरी डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, नाहीच, ती फक्त /यूएसआर/बिन कडे बोट दाखवते, /लिब पण तसंच. हे दार जागेवर आहे तोवर जुने प्रोग्राम बिनबोभाट चालतात.

तुमच्या माणसाने ते दारच काढून टाकलं. कसं ते आता बघा.

आमच्या मशीनची मूळ इमेज डेबियन ९ च्या काळातली, तेव्हापासून तुम्ही तीच वर वर अपग्रेड करत आणलीय, म्हणून आमच्याकडे वाटणी अजून शिल्लक होती. बाराव्या आवृत्तीवर जाताना यूएसआर-मर्ज नावाचं पॅकेज हे एकत्रीकरण करतं, आणि ते मध्येच थांबलं. का थांबलं तर तुमचा काटा वाचणारा प्रोग्राम /बिन मध्येही होता आणि /यूएसआर/बिन मध्येही, नाव एक पण आतला माल वेगळा, एक जुनी आवृत्ती आणि एक नवीन. पॅकेजने स्पष्ट लिहिलं की ही फाइल दोन्हीकडे आहे, आधी हे सोडवा मग पुढे जातो. शहाणं पॅकेज! त्याने अंदाजाने काही केलं नाही. तुमच्या टेक्निशियनने मात्र केलं, त्याने दोन्ही फाइलींच्या तारखा न बघता /यूएसआर/बिन मधली उडवली, आणि ती नवीन होती. मी मशीनच्या बाजूला उभा राहून स्क्रीनवर बघत होतो, त्याला म्हटलं अहो थांबा, तर म्हणे "सर तुम्ही टेन्शन घेऊ नका".

अपग्रेड पुढे सरकलं, संपलं, आणि काट्याचं वजन यायचं बंद झालं. साहजिक आहे, गेल्या वर्षी तुम्हीच काटा बदलून दिलात, नवीन काटा जुन्या प्रोग्रामला समजत नाही. इथवर असतं तरी मी एवढं लिहिलं नसतं, नवीन प्रोग्राम परत टाकला की विषय संपला असता. पण त्याने काय केलं, तुमच्या सर्व्हरवरून काट्याच्या ड्रायव्हरची टार फाइल (बऱ्याच फाइलींचं एक गाठोडं) उतरवली आणि रूट म्हणून (सगळे अधिकार घेऊन) थेट / मध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये, उघडली. त्या टारमध्ये एक "बिन" नावाचं फोल्डर आहे, त्यात काट्याचा प्रोग्राम, आणि एक "लिब" नावाचं फोल्डर, त्यात यूडेव्हची (जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या भागाची) एक नियमाची फाइल, काट्याच्या यूएसबी केबलला कायम एकच नाव मिळावं म्हणून. टार बनवली तेव्हा /बिन आणि /लिब खऱ्या डिरेक्टऱ्या होत्या, त्यामुळे फाइली त्यात जाऊन पडायच्या, कोणाला काही कळायचं नाही. आता तिथे सिमलिंक आहे. आणि ते गाठोडं सोडणाऱ्या जीएनयू टार प्रोग्रामची रीतच अशी आहे की टारमध्ये डिरेक्टरी असेल आणि डिस्कवर त्याच नावाचा सिमलिंक असेल तर तो सिमलिंक काढून टाकायचा आणि तिथे खरी डिरेक्टरी बनवायची. तसं होऊ नये म्हणून टारला वेगळा ऑप्शन आहे, कीप-डिरेक्टरी-सिमलिंक, तो मॅन्युअलमध्ये लिहिलेला आहे, पण वाचतो कोण.

एका सेकंदात /लिब मध्ये एकुलती एक यूडेव्हची फाइल उरली आणि /बिन मध्ये एकटा काट्याचा प्रोग्राम. प्रत्येक कमांड सुरू होताना जो लोडर (प्रोग्राम मेमरीत चढवणारा) लागतो त्याचा पत्ता /लिब मधूनच जातो, त्यामुळे फाइलींची यादी दाखवणारी साधी एलएस कमांड दिली तरी "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". कॉपी नाही, माउंट (डिस्क जोडणं) नाही, काही नाही. जी टर्मिनलची खिडकी आधीच उघडी होती तेवढी जिवंत, त्यात इको आणि स्टार टाइप केलं तर फाइलींची नावं मात्र दिसत होती, कारण इको ही कमांड शेलच्या (टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या प्रोग्रामच्या) पोटातलीच आहे, तिला बाहेरून काही लागत नाही. म्हणजे सामान सगळं घरात होतं, डिस्कला काही झालेलं नव्हतं, आणि हे मी तुमच्या माणसाला फोनवर तेव्हाच सांगितलं. टारमधल्या फोल्डरमुळे लिंक गेलीय, रीस्टार्ट करू नका, आधी लिंक परत बनवायचं बघू, असं अगदी याच शब्दांत. तो म्हणाला रीस्टार्टने होईल. रीस्टार्टची कमांडही चालेना, तेव्हा त्याने पॉवर बटण दाबून धरायला सांगितलं, मी नाही म्हटल्यावर त्याने आमच्या शेडवरच्या पोराला फोन लावून त्याच्याकडून दाबून घेतलं!! ह्याचा जाब मला वेगळा पाहिजे.

नंतर स्क्रीनवर "नो इनिट फाउंड" (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम सापडत नाही), आणि खाली इनिटरॅमएफएसचा प्रॉम्प्ट लुकलुकतोय. बाहेर क्रेट उतरलेले, बागायतदार रांगेत, हमाल दर पाच मिनिटांनी आत डोकावून "काटो बंद पडलो मरे, गाडी कधी भरूची?" आणि तुमच्याकडून उत्तर काय तर हार्ड डिस्क गेली, माणूस कणकवलीहून येईल, फॉरमॅट करावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही, विझिट चार्ज लागेल. स्क्रीनवर डिस्कच्या चुकीचा एक शब्द नाही आणि ह्यांना फोनवरून कळलं की डिस्क गेली. सगळा सीझनचा हिशोब त्यात, कोणाच्या किती पेट्या, कोणाला किती उचल दिली, आणि तुम्ही फॉरमॅट म्हणताय. त्या संध्याकाळी वह्या काढल्या, हातकाट्यावर माल घेतला, लेबलं पेनने लिहिली. गाडी उशिरा निघाली आणि वाशीला दलालाने लेबल नाही म्हणून काही पेट्या बाजूला काढल्या, त्याचा हिशोब सोबत जोडलाय.

रात्री पेनड्राइव्हवरून लाइव्ह डेबियन चालू केलं, डिस्क माउंट केली, सगळं जागच्या जागी. /लिब मधली यूडेव्हची फाइल /यूएसआर/लिब मध्ये तिच्या योग्य फोल्डरमध्ये हलवली, ती उपटसुंभ /लिब डिरेक्टरी काढली, तिथे परत सिमलिंक बनवला, पुढे स्लॅश न देता नुसतं यूएसआर/लिब असं, तेच /बिन चं. काट्याचा नवीन प्रोग्राम मागच्या महिन्याच्या बॅकअपमधून काढून टाकला. मशीन उठलं, काटा वजन दाखवायला लागला. ज्याला तुम्ही फॉरमॅट आणि नवीन डिस्क सांगत होता ते काम लिंक परत जोडायचं होतं.

तुमच्या मेलमध्ये एक वाक्य आहे, "ऑपरेटिंग सिस्टीममधील बदलांस कंपनी जबाबदार नाही". अहो पण ऑपरेटिंग सिस्टीम तुम्हीच निवडलीत, इमेज तुमची, अपग्रेडचं बटण तुम्ही दाबलंत, एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) पैसे तुम्ही घेता. डेबियनने हा बदल रिलीज नोट्समध्ये लिहून ठेवलाय. आणि मुळात तुमचा प्रोग्राम /बिन मध्ये असायचं कारणच नाही, ती जागा सिस्टीमची. कोणती गोष्ट कुठे ठेवायची याचा फाइलसिस्टीम हायरार्की स्टँडर्ड आहे, त्याची पहिली आवृत्ती १९९४ सालची, तेव्हा नाव थोडं वेगळं होतं, २०१५ ला ३.० आली. त्यात बाहेरून आणलेल्या पॅकेजसाठी /ऑप्ट आहे, मशीनवर स्वतः टाकलेल्या गोष्टींसाठी /यूएसआर/लोकल आहे. काट्याचा प्रोग्राम /ऑप्ट मध्ये असता तर यातलं काहीच झालं नसतं.

मला काय पाहिजे ते सांगतो. विझिट चार्ज रद्द करा, तुमचा माणूस आलाच नाही तर चार्ज कसला. तिकिटावरचं "हार्ड डिस्क खराब" हे कारण खोडून खरं कारण लिहा, कारण उद्या वॉरंटीत डिस्क बदलायची वेळ आली तर तुम्हीच ते दाखवून हात वर कराल. एएमसीमधून ह्या प्रकाराच्या नुकसानीची रक्कम वळती करा, कागद जोडलेत. ड्रायव्हर टारऐवजी डेबियनचं नीट डेब पॅकेज करून द्या, फाइली /यूएसआर किंवा /ऑप्ट खाली. यापुढे मार्च ते मे मोठं अपग्रेड अजिबात नको, करायचं तर पावसात करा, तेव्हा शेड बंद असते, मशीन महिनाभर घेऊन गेलात तरी चालेल, पण आधी लेखी कळवायचं आणि आमच्यासमोर बॅकअप घेऊन मगच हात लावायचा. आणि आमच्या कामगाराला परस्पर फोन करून मशीनला काही करायला लावलं तर पुढचं पत्र ग्राहक आयोगाकडे जाईल, हे धमकी म्हणून घ्या नाहीतर माहिती म्हणून.

सगळ्यात आधी एक करा, ती टार फाइल आजच्या आज सर्व्हरवरून काढा. राजापूर ते वेंगुर्ला तुमची अशी बरीच मशीन असतील, काजूवाल्यांकडे आहेत, मच्छीवाल्यांकडे आहेत, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाकडे पेनड्राइव्ह घेऊन रात्री बसणारा माणूस असेलच असं नाही. बाकीचं बोलायला फोन करायचा तर सकाळी दहाच्या आत करा, चारनंतर भरणी चालू असते, कोणी उचलणार नाही.

आपला,
देवगड तालुक्यातील एक ग्राहक

सोबत: दलालाच्या पट्टीची झेरॉक्स, स्क्रीनचे फोटो, तुमच्या विझिट चार्जचं बिल