लेखक बदलले, हे कारण चालणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेवरचा लेख वाचला. मेहनत घेऊन लिहिलाय, यात वाद नाही. पण एवढ्या वर्षांच्या मालिकेत लेखक बदलत राहणार, तेव्हा प्रेक्षकांनी विसंगती काढत बसू नये, हा सल्ला मला मुळीच मान्य नाही.

सगळ्या विसंगती एका मापाच्या नसतात. डालेकांचे, म्हणजे मालिकेतल्या धातूच्या कवचात बसून फिरणाऱ्या राक्षसांचे, पूर्वज १९६३ मध्ये ‘डाल’ होते, १९७५ मध्ये ते ‘कालेड’ झाले आणि डॅव्हरॉस नावाचा जन्मदाताही निघाला. याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. पण राक्षसाला काय जमतं आणि काय जमत नाही, हे एकदा ठरलं की त्यात बदल करताना कारण द्यायला हवं. पहिल्या कथेत डालेक शहराच्या धातूच्या जमिनीतून मिळणाऱ्या विजेवर चालायचे. अंगरख्यावर ओढून त्याचा जमिनीशी संपर्क तोडला की डालेक जागीच ठप्प. १९६४ मध्ये तेच लंडनच्या रस्त्यांवर फिरू लागले, तेव्हा त्यांच्या पाठीवर तबकड्या होत्या आणि कथेत त्यांचा खुलासाही होता. १९८८ मध्ये डालेक जिना चढून वर आला. याला पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून ज्या जिन्यावरून लोक वर्षानुवर्षं त्याची टिंगल करायचे, तोच जिना! पोटात गोळा आला होता.

मग वीपिंग एंजल्सचं, म्हणजे मालिकेतल्या परीच्या पुतळ्यांसारख्या दिसणाऱ्या राक्षसांचं काय? २००७ च्या ‘ब्लिंक’ या भागात नियम स्वच्छ होता: कोणी बघतंय तोवर दगड, पापणी लवली की झडप. माझ्या शाळकरी भाचीने त्या रात्री दिवा मालवू दिला नाही आणि शोकेसमधली चिनीमातीची परी कपाटात कोंडायला लावली. २०१० मध्ये डॉक्टरची सहप्रवासी एमी डोळे मिटून एंजल्सच्या मधून चालते आणि तिला दिसतंय असं समजून ते थबकतात. म्हणजे दगड होणं हा त्यांचा नाइलाज आहे की मर्जी? २०१२ मध्ये तर स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच एंजल निघाली आणि दाणदाण पावलं टाकत मॅनहॅटनमध्ये आली. भाचीने तिथल्या तिथे विचारलं, “मामा, अख्ख्या न्यूयॉर्कमध्ये तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं?” मी काय उत्तर देणार? त्यानंतर तिला एंजल्सची भीती म्हणून वाटली नाही. एवढा उत्तम राक्षस हकनाक वाया घालवला, याचा मला अजून राग येतो.

आणि हे तिन्ही प्रसंग स्टीव्हन मोफॅट यांनीच लिहिलेले आहेत. लेखक बदलल्याची सबब इथे कशी लागू पडते, ते आपल्या लेखकांनी सांगावं.

शिवाय लेखासोबत ‘डालेक’ म्हणून छापलेलं छायाचित्र सायबरमन या मालिकेतल्या दुसऱ्याच, दोन पायांच्या राक्षसाचं आहे. डालेकला पाय नसतात. आजच्या अंकात दुरुस्ती शोधली, सापडली नाही. ती लवकर छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे