प्रकाशाने चालणारी एन्झाइम्स राहून गेली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतला ऑप्टोजेनेटिक्सवरचा लेख आवडला. चेतापेशींत प्रकाशाने उघडणारी प्रथिनांची दारं (चॅनेल) बसवून मेंदूचा अभ्यास कसा करतात, हे लेखकाने छान उलगडून सांगितलं आहे. पण प्रकाशाने चालणाऱ्या एन्झाइम्सचा त्यात उल्लेखही नाही, याची चुटपुट लागून राहिली. कारण त्यांची सुरुवात अकरावीच्या मुलांना आपण जी एकपेशीय युग्लीना दाखवतो तिच्यापासून आहे.

तळ्यातल्या हिरव्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) एकदम उघडला, की निवांत पोहणाऱ्या युग्लीना थबकतात, जागीच गिरकी घेतात आणि दिशा बदलतात. मुलं हमखास म्हणतात, तो लाल ठिपका तिचा डोळा, त्याला प्रकाश दिसला. उत्तरपत्रिकांतही मी हेच वाचत आले. खरं तर ठिपका फक्त सावली धरतो. प्रकाश ओळखतो तो कशाभिकेच्या, म्हणजे पोहायच्या चाबकासारख्या शेपटाच्या, मुळाशी असलेला बारीकसा फुगवटा. मिनेओ इसेकी, मासाकात्सु वातानाबे आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की त्यातलं प्रथिन म्हणजे चक्क ॲडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम आहे. निळा प्रकाश पडला की ते पेशीतल्या ऊर्जावाहक एटीपीपासून सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू झपाट्याने बनवू लागतं. त्याचं जनुक दाबून टाकलं, तर युग्लीना प्रखर प्रकाशाला बिचकेनाशी झाली. प्रकाश ओळखणं आणि पेशीत निरोप सोडणं, दोन्ही कामं एकाच प्रथिनात!

सायक्लिक एएमपी हा किरकोळ रेणू नव्हे. ॲड्रेनलिनचा निरोप यकृताच्या पेशीत तोच पोचवतो. कॉलऱ्याचं विष कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं; ते विष आतड्यातल्या पेशींचं स्वतःचं ॲडेनिलिल सायक्लेज बंदच होऊ देत नाही, म्हणून शरीरातलं पाणी वाहून जातं. असा रेणू हव्या त्या पेशीत, हव्या त्या क्षणी वाढवता येणं किती मोलाचं आहे! औषध घातलं की ते सगळीकडे पसरतं. दिवा मात्र नेमक्या जागी लावता येतो आणि विझवताही येतो.

युग्लीनाचं एन्झाइम तसं अवजड. बर्लिनच्या पीटर हेगेमान यांच्या गटाने २०११ मध्ये बेगियाटोआ या जिवाणूतलं बरंच लहान एन्झाइम वापरात आणलं. त्याला बीपॅक म्हणतात. २०१५ मध्ये जर्मनीतच ते उंदराच्या शुक्रपेशींत घातलं गेलं. ज्यांची स्वतःची सायक्लिक एएमपीची यंत्रणा निकामी होती अशा शुक्रपेशी प्रकाश पडल्यावर पोहू लागल्या आणि काचपात्रात त्यांनी बीजांड फलितही केलं. हे वाचलं तेव्हा मला राहवेना, त्या वर्षीच्या वर्गाला अभ्यासक्रम बाजूला ठेवून सांगितलं.

माझी एक विद्यार्थिनी आता याच एन्झाइमवर काम करते. पेशींच्या प्लेट्स अंधाऱ्या खोलीत मंद लाल दिव्याखाली हाताळायच्या आणि मोबाइल बाहेर ठेवायचा, कारण नको तेव्हा निळा उजेड पडला तर प्रयोग वाया जातो, असं ती सांगते. (वाचकांनी मोबाइलच्या प्रकाशाची धास्ती घेऊ नये. प्रकाशाने चालणारं हे एन्झाइम आपल्या शरीरात नाही. त्याचं जनुक पेशीत मुद्दाम घालावं लागतं.)

अकरावीच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. युग्लीनाची आकृती काढून घेऊन थांबू नका, डायफ्रॅमचा हा प्रयोग मुलांच्या हातून करून घ्या. मग दिव्यावर लाल जिलेटिन कागद लावून तो पुन्हा करा. निळा प्रकाश अडल्यामुळे युग्लीना न बिचकता पोहत राहतात. असं का, हे मुलांनाच शोधू द्या. आपणही पुरवणीत या एन्झाइम्सवर स्वतंत्र लेख छापावा.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा