हेडगार्ड घालूनच उतरायचं

सोलापूर, रविवार

चि. श्रावणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या डोक्याला मार लागलाय, तरी फुटबॉलला पुन्हा कधी उतरायचं हे फोनवर बोललं की आपलं भांडणच होतं, म्हणून लिहायला बसले. पप्पाही म्हणाले, लिहूनच टाक एकदाचं.

तुझं म्हणणं कळलं. डोकं आता दुखत नाही, सामना तोंडावर आलाय आणि ते हेडगार्ड, म्हणजे डोक्यावरची मऊ टोपी, घातलं की मुली हसतात. डोकं दुखायचं थांबलं म्हणजे सगळं बरं झालं, हे कुणी सांगितलं गं तुला? कोचना घाई असेल, मला नाही. डॉक्टर लिहून देईपर्यंत गोलमध्ये उभं राहायचं नाही.

तुझ्या खोलीत ज्याचा फोटो लावलायस, त्या चेल्सीच्या गोलकीपरचं, पेत्र चेकचंच बघ की. दादाने मला त्याचे व्हिडिओ दाखवले. १४ ऑक्टोबर २००६, रेडिंगविरुद्धचा सामना. सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं. चेक बॉल घ्यायला खाली झेपावला आणि समोरच्याचा गुडघा डोक्यात बसला. कवटीचं हाड आत दबलं, ऑपरेशन करून धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. त्याच्या जागी आलेल्या कुदिचिनीलाही डोक्याला लागलं, त्यालाही उचलून न्यावं लागलं. शेवटी जॉन टेरी, म्हणजे डिफेंडर, गोलमध्ये उभा राहिला! मला तर पुढचं बघवेना.

चेक परत आला २० जानेवारी २००७ ला. तीन महिने चेल्सीसारखा क्लब त्याच्यावाचून खेळला, मग तुमच्या कॉलेजचं असं काय अडतंय? आला तो रग्बीवाल्यांचं हेडगार्ड घालून, आणि २०१९ ला बाकूमध्ये शेवटचा मोठा सामना खेळला तेव्हाही ते डोक्यावर होतंच. त्यालाही लोक हसलेच असतील. तरी प्रीमियर लीगमधल्या २०२ सामन्यांत त्याने गोल होऊ दिला नाही, देशासाठी १२४ सामने खेळला.

परत गेले आणि बॉल हातातून सुटला तर, असं तू विचारलंस. सुटेल की. त्याचाही सुटला होता. २००८ च्या युरो कपात, चेक प्रजासत्ताकाकडून खेळताना, तुर्कीविरुद्ध २-१ ने पुढे असताना, शेवटच्या मिनिटांत, साधा वाटणारा उंच बॉल निसटला. बरोबरी झाली, मग आणखी एक गोल बसला आणि त्यांचा संघ स्पर्धेबाहेर. चार वर्षांनी म्युनिकमध्ये, बायर्न या जर्मन क्लबच्याच मैदानावर, याच माणसाने चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये त्यांच्या रॉबेनची पेनल्टी अडवली आणि शेवटच्या पेनल्टी शूटआउटमध्ये आणखी दोन. दुसऱ्या दिवशी त्याला तीस पूर्ण झाली. दादा म्हणतो, बायर्नच्या जुन्या पेनल्ट्या तो आधीच बसून बघून आला होता. तू हे आत्ताही करू शकतेस, पडल्या पडल्या. रील्स बघण्यापेक्षा बरं.

रेफरी हेडगार्ड काढायला लावेल ही भीती मनातून काढ. कुणाला इजा होणार नाही असं मऊ हेडगार्ड नियमात चालतं. मात्र डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितलीय. याने वरचा मार कमी बसतो, आत मेंदूला बसणारा हिसका थांबेलच असं नाही. तेव्हा हेडगार्ड आहे म्हणून उगाच पायांत डोकं घालू नकोस.

ते टोचतं म्हणत होतीस ना? हनुवटीखालच्या पट्टीची शिवण आतून उघडी होती. कारखान्यात दिवसभर शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या बाईला असलं काम दाखवायचं म्हणजे! सगळी उसवली, आतून धुतलेल्या सुती कापडाची पट्टी लावून डबल टीप मारली. वेलक्रोही बदललं. जुनं केसांत अडकत होतं.

पार्सल उद्या एसटीने पाठवते. शेंगा चटणी आणि कडक भाकरी आहे, मैत्रिणींनाही दे. कोचचा नंबर मला व्हॉट्सॲप कर, तपासणी कधी आहे ते मीच सांगते त्यांना. तुला अवघड जायला नको.

तुझी,
आई